सोसायटीतलं सगळं आपण स्वतःच करतो, मग नगरसेवकाकडे नेमकं काय मागायचं?

नऱ्हेकर_बी_विंग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो, जरा लांबेल पण वाचा.

आम्ही नऱ्ह्यात राहतो. जून २०२१ मध्ये जी २३ गावं पुणे महापालिकेत घेतली त्यातलं आमचं गाव. त्याबरोबर ग्रामपंचायत बरखास्त झाली, सरपंच गेले, ग्रामसभाही गेली. मग मार्च २०२२ ला पालिकेतल्या नगरसेवकांचीच मुदत संपली आणि तिथून थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. म्हणजे साधारण साडेचार वर्षं आमच्या भागाला खालच्या पातळीवर निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. आमदार खासदार होते, पण गटारीचं झाकण तुटलं म्हणून खासदाराला कोण फोन करतं.

या काळात सोसायटी खूप शिकली हे मी अभिमानाने सांगतो. टँकरचा हिशोब कसा ठेवायचा, बोअरचं पाणी कुणी किती वापरायचं, पावसाचं पाणी जिरवायचं कसं, ओला कचरा आवारातच कसा जिरवायचा, हे सगळं लोकांनी यूट्यूब बघून, एकमेकांना विचारून, भांडून केलं. गेटबाहेरच्या वळणावर अंधार असायचा तिथे वर्गणी काढून दिवा लावला. पावसाळ्याआधी नाल्याच्या तोंडाशी अडकलेला कचराही आम्हीच काढून घेतो. पूर्वी लिफ्टमध्ये नमस्कारसुद्धा न करणारी माणसं आता एकमेकांच्या घरी जातात.

आता पहिल्यांदाच आमच्या भागातून नगरसेवक निवडून गेलेत. कमिटीच्या मीटिंगला विषय निघाला की त्यांना सोसायटीत बोलवायचं का, आणि बोलावलं तर मागायचं काय. तीन तट पडले. आमचे एक ज्येष्ठ काका म्हणाले, आजवर कुणाच्या दारात गेलो नाही, आताही जायचं नाही, ज्याचं घेतलं त्याचं ऐकावं लागतं. दुसऱ्यांचं म्हणणं, टॅक्स भरतो ना, मग आता सगळं त्यांनीच करायचं, आपण दिवासुद्धा लावायचा नाही. आणि एक तरुण मुलगा आहे, अतिशय चांगला, कंपोस्टचं सगळं तोच बघतो, तो म्हणाला की मी मतदानच केलं नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही, मी सिग्नल तोडत नाही, कचरा वेगळा करतो, टॅक्स वेळेवर भरतो, माझं नागरिकत्व रोजचं आहे, पाच वर्षांतून एकदाचं नाही.

मला तिघांचंही थोडंथोडं पटलं आणि तिथेच अडकलोय. प्रतिनिधी निवडून दिल्यावर आपली जबाबदारी कमी होते का वाढते? आणि अशी काही कामं आहेत का की जी जमत असली तरी आपण मुद्दाम करू नयेत, कारण आपण केली की ज्याचं काम आहे तो सुटतो? ज्यांनी प्रत्यक्ष काही केलंय त्यांनी लिहा प्लीज.

शनिवारातला

चांगला प्रश्न आहे, आणि पुण्याला तो नवा नाही.

पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली २ एप्रिल १८७० ला. निमित्त काय, तर पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी. तेव्हा सामान्य माणसाला मताचा अधिकार नावाची गोष्टच नव्हती, सरकार परक्यांचं. तरी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांच्या मंडळींनी नियम काय केला बघा, की सभेचा सभासद व्हायचं असेल तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. नुसती वर्गणी भरून चालायचं नाही, ‘यांनी आमच्या वतीने बोलावं’ असं ५० जणांनी लिहून द्यायचं. अशी ९५ माणसं साधारण ६ हजार लोकांच्या वतीने बसली. कायद्याने प्रतिनिधित्व मिळत नव्हतं तर ते त्यांनी सह्या गोळा करून उभं केलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण ज्याच्याकडे ५० सह्या आहेत त्याला ५० घरी परत जाऊन तोंडही दाखवावं लागतं.

आणि हेच काका स्वावलंबनाचे पक्के. स्वदेशी कापडाचा आग्रह त्यांनी धरला तो काँग्रेसही जन्मली नव्हती तेव्हा, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले. त्याच सुमारास दुष्काळ पडला होता तर सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. स्वतःचं सूत आणि सरकारला अर्ज, दोन्ही एकाच माणसाच्या हातात.

दुसरं उदाहरण जोतीराव फुल्यांचं. १८६८ साली त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यासाठी कुणाच्या ठरावाची वाट बघितली नाही. पण पुढे १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेवर सदस्य म्हणून नेमणूक झाली तेव्हा ‘मी माझं काम घरी करतो’ म्हणून ते दूर नाही राहिले. तिथे बसले, आणि व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर शहराचा पैसा उधळायला त्यांनी विरोध केला, तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. हौद स्वतःचा होता तो त्यांनी स्वतः उघडला, तिजोरी सगळ्यांची होती तिच्याबद्दल सभागृहात बोलले. तुमच्या काकांना आणि त्या तरुण मुलाला, दोघांनाही हे जरूर सांगा.

टेकडीवर_सकाळी (कोथरूड)

तुमच्या ज्येष्ठ काकांचं मला जास्त पटतं, फक्त त्यांनी ते अर्ध्यावर सोडलंय असं वाटतं.

आमच्याकडे निवडणुकीच्या आधी काय चालतं ते सगळ्यांना माहितीये. कुणी सोसायटीला सीसीटीव्ही देतो, कुणी कंपाउंडला रंग, कुणी आतल्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक, आणि मग चेअरमनच्या घरी चहा होतो आणि ‘आपली सगळी मतं एकगठ्ठा’ अशी भाषा होते. आमच्या सोसायटीने वार्षिक सभेत रीतसर ठराव केला, की आवाराच्या आतलं एकही काम कुठल्याही पक्षाच्या माणसाकडून फुकट करून घ्यायचं नाही. आतला खर्च मेंटेनन्समधून, जमत नसेल तर थांबू. लोक कुरकुरले, शेजारच्या सोसायटीला फुकटात मिळालं ना. पण त्याचा फायदा असा की आता नगरसेवक समोर आले की आम्हाला विचारताना जीभ जड होत नाही, टेकडीच्या रस्त्याबद्दल तुमची भूमिका काय, फुटपाथ उखडून पुन्हा तेच का करताय, हे सरळ विचारता येतं.

म्हणून माझं म्हणणं, स्वावलंबन हवंच, पण ते कशासाठी हवं, तर आपल्यावर कुणाचा उपकार नसावा म्हणून. आतलं मागायचं नाही आणि बाहेरचं सोडायचं नाही. काका पहिलं करतात आणि दुसरं सोडून देतात. तिथेच गडबड आहे.

बाहेरचं म्हणजे काय तेही सांगतो. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या कामांसाठी अंदाजपत्रकात ठेवलेल्या पैशातून, बाकडी, कमानी, नावाच्या पाट्या, पिशव्या यांवर किती जातं हे विचारा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे, आपल्या भागातलं काम आपणच सुचवायचं, फॉर्म भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. काम लहानच असतं, एका कामाला पाच लाखांची मर्यादा ठेवलेली होती, पण फुटपाथ, दिवे, बसथांब्याची शेड, असलं बरंच त्यात बसतं. तुमच्या वळणावरचा दिवा त्यातच मागायला हवा होता. किती सोसायट्यांना हे माहीत आहे?

नऱ्हेकर_बी_विंग

@टेकडीवर_सकाळी, आम्हाला नव्हतं माहीत. ग्रामपंचायत असताना ग्रामसभेत उभं राहून विचारता यायचं, लोक बोलायचे, भांडायचे. पालिकेत आल्यावर नेमकं कुठे उभं राहायचं हेच कळलं नाही आम्हाला.

पर्वती_पायथा

मी वस्तीत राहते, बचत गटाचं काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते, कुणी राग मानू नका.

दादा, तुम्ही टँकर विकत घेता त्याला स्वावलंबन म्हणता आणि आमच्या बायका पाणी आलं नाही म्हणून नगरसेवकाच्या ऑफिसवर जातात तर ते लाचारी, असं इथे कुणी सरळ म्हटलं नाही, पण वाचताना तसं वाटतं. टँकरला पैसे लागतात. पैसे असले की माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो, नसले की त्याला सरकारकडेच जावं लागतं, आणि सरकारकडे जायचा आमचा जवळचा रस्ता म्हणजे नगरसेवक. म्हणून आमच्याकडे मतदानाला लाइन लागते आणि तुमच्याकडे लोक सुट्टी बघून लोणावळ्याला जातात.

आमच्यात मदत कमी नाही हो. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला, दांडेकर पुलापर्यंत घराघरात पाणी शिरलं, तेव्हा पहिल्यांदा धावली ती शेजारचीच माणसं. पोरं खांद्यावर घेऊन बाहेर काढली, म्हाताऱ्यांना उचलून नेलं, रात्री ज्याच्या घरात कोरडं होतं त्याने दहाजणांचं रांधलं. हे कुणी शिकवावं लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पंचनामा कोण करणार, भिजलेली रेशन कार्डं परत कोण देणार, आणि तो कालवा पुन्हा फुटू नये म्हणून त्याची भिंत कोण बघणार? ते आम्ही वर्गणी काढून करायचं का?

कोथरूडच्या दादांना सांगते, तुमचं ‘आतलं मागायचं नाही’ हे आम्हाला लागू पडत नाही. आमचं घर दहा बाय दहाचं, आमचं आतलं आणि बाहेरचं एकच असतं. संडास सार्वजनिक, नळ सार्वजनिक, गटार दारातून जाते. वैयक्तिक काम आणि सार्वजनिक काम असा फरक करायला आधी तेवढी जागा तरी पाहिजे.

आणि खरं स्वावलंबन बघायचं तर कचरा वेचणाऱ्या बायकांचं बघा. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते, डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले. त्याच बायकांची पुढे ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था झाली, दारोदार कचरा घेतात, घराघरातून पैसे घेतात, संस्था त्यांच्या स्वतःच्या मालकीची. कुणाची भीक नाही. पण तेवढ्याने भागलं नसतं. आधी ओळखपत्र मिळवावं लागलं, मग पालिकेशी करार करावा लागला, आणि करार संपत आला की प्रत्येक वेळी मोर्चा काढावा लागला, नगरसेवकांना भेटावं लागलं, कारण करार मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, मंजूर होतो. स्वतःच्या पायावर उभं राहायची जागासुद्धा कधीकधी सरकारकडून मिळवावी लागते हो.

खराडीत_भाड्याने

छोटा प्रश्न. मी मूळचा लातूरचा, मत तिकडेच आहे, इथे नोकरीला. सात-आठ वर्षं झाली असतील. इथल्या रस्त्यावर मी रोज दीड तास काढतो, पाणी इथलं पितो, पण मत लातूरच्या नगरसेवकाला देतो ज्याच्या रस्त्यावरून मी दिवाळीतच जातो. दोन्हीकडे नाव ठेवता येतं का? आमच्या फ्लोअरवर निम्म्याहून जास्त लोक असेच आहेत.

गणिताचे_मास्तर

@खराडीत_भाड्याने, दोन्हीकडे ठेवता येत नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नोंदणीला मनाई आहे. नाव हलवायचं तर फॉर्म ८ भरायचा, पहिल्यांदाच नोंदवायचं तर फॉर्म ६. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (अठरा पूर्ण झाली का ते बघायची तारीख) होती, २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या पोरांनी वर्षभर थांबायचं कारण नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही नोंदणीचा हक्क आहे, ‘नेहमी राहतो’ एवढं हवं, घर मालकीचं असायची अट नाही. आणि पालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात, तेव्हा निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

मुख्य प्रश्नाबद्दल, त्या कंपोस्टवाल्या मुलासाठी. तो म्हणतो त्यात कायद्याने काही चूक नाही. घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांच्या यादीत, म्हणजे १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५१-अ मध्ये, मतदान हे कर्तव्य म्हणून लिहिलेलंच नाही. कर भरणं हेही नाही, स्वर्ण सिंग समितीने ते सुचवलं होतं पण घेतलं नाही. पर्यावरण जपा, सार्वजनिक मालमत्ता जपा, हे आहे, आणि ते तो मुलगा मनापासून करतोय. म्हणून त्याला कर्तव्याच्या नावाने ओरडू नका. त्याला एवढंच विचारा, की तुझ्या कंपोस्टच्या खड्ड्यात शहराचा किती कचरा मावेल? २०२५-२६ चं पुण्याचं अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटींचं होतं, ते प्रशासकांनी मांडलं आणि प्रशासकांनीच मंजूर केलं, कारण स्थायी समिती नव्हती आणि मुख्य सभाही नव्हती. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये शंभर रुपये वाढवायचे तर दोन तास भांडण होतं. इथे एवढ्या मोठ्या रकमेवर निवडून आलेल्या एकाही माणसाने हात वर करून ‘हे कशाला’ असं विचारलं नाही, विचारायला कुणी नव्हतंच. खरं तर ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात ती राहिली ती राहिलीच, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा चक्र हललं. आणि तेवढी वर्षं शहरातल्या बहुतेकांना फारसं काही वाटलं नाही, कारण ज्यांना आवाज आहे त्यांचं टँकरवर भागत होतं. मला याचीच जास्त काळजी वाटते.

ओढ्याकाठी

जलसंपदामध्ये नोकरी केली, आता निवृत्त. ‘कुठली कामं मुद्दाम करू नयेत’ या प्रश्नावर लिहितो कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याला कुणी हात घातला नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवते का. आंबिल ओढा कात्रजकडून येतो, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत दांडेकर पुलाखालून जातो आणि पुढे मुठेला मिळतो. त्या रात्री पावसाने तो फुगला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, टांगेवाले कॉलनीत माणसं गेली, गाड्या कागदासारख्या वाहून गेल्या. त्यानंतर काठावरच्या प्रत्येकाला वाटलं की आपण आपली भिंत बांधून घेऊ. मी तेव्हा आमच्या भागात घरोघरी सांगत होतो की एकट्याने बांधू नका. ओढ्याला एका काठाला भिंत घातली की पाणी नाहीसं होत नाही, पात्र अरुंद होतं, पातळी चढते आणि ते समोरच्या काठावर जातं. तुम्ही सुरक्षित झालात म्हणजे समोरचा बुडाला. ओढ्याचं काम उगमापासून संगमापर्यंत एकत्रच करावं लागतं, कल्व्हर्टची रुंदी, अतिक्रमण, गाळ, वरच्या टेकड्यांवरची बांधकामं, सगळं एका नकाशावर. ते सोसायटीच्या हातात नाही आणि नसावंही.

पाण्याचंही तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट सापडले, हातापायातली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटर लागला. संशय दूषित पाण्यावर होता. घरोघरी लोकांनी फिल्टर घेतले, साहजिक आहे, मी पण घेतला असता. पण फिल्टर तुमच्या घरचं पाणी शुद्ध करतो, विहिरीत क्लोरीन टाकत नाही. वडापावच्या गाडीवरचा पोऱ्या, बांधकामावरचा मजूर, तुमच्या घरी काम करायला येणाऱ्या मावशी, हे सगळे तेच पाणी पितात. आणि ज्यांच्याकडे फिल्टर आला त्यांनी स्रोताबद्दल विचारणं बंद केलं की विचारणारे उरतात ते ज्यांचं कुणी ऐकत नाही.

म्हणून मी लोकांना असं सांगतो: जे काम तुम्ही केल्याने दुसऱ्याचं नुकसान होत नाही आणि जे तुमच्या कुंपणात संपतं, ते खुशाल स्वतः करा, कुणाला विचारू नका. जे कुंपणाबाहेर वाहत जातं, पाणी, ओढा, मैला, धूर, रहदारी, ते स्वतःपुरतं सोडवायच्या फंदात पडू नका, पडलात तर निदान मागणी सोडू नका. नाल्याच्या तोंडाशी कचरा अडकलाय तर पाऊस यायच्या आत काढा, लोकांच्या घरात पाणी शिरेपर्यंत तत्त्व म्हणून बघत बसू नका. पण काढायच्या आधी फोटो, तारीख, लेखी अर्ज, आणि काढल्यावर किती खर्च आला त्याचं पत्र क्षेत्रीय कार्यालयाला आणि नगरसेवकाला, पोच घेऊन. दरवर्षी. हे पत्र नसेल तर सगळ्यांचा समज होतो की तिथे काही अडचणच नाही.

टेकडीवर_सकाळी (कोथरूड)

@पर्वती_पायथा, ताई, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. नळ, संडास, गटार हे माझ्या दृष्टीने बाहेरचंच, ते मागायलाच हवं, हक्काने. मी म्हणत होतो ते मेहेरबानीबद्दल. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला असल्या गोष्टींसाठी २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला द्यायचा, नाही दिला तर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड. त्यासाठी नगरसेवकाच्या चिठ्ठीची गरजच नाही. उलट चिठ्ठीवर काम झालं की हक्काचं रूपांतर उपकारात होतं आणि पुढच्या निवडणुकीला तो उपकार वसूल केला जातो. हे वस्तीत जास्त चालतं आणि तेच मोडायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पर्वती_पायथा

दादा, कायदा चांगलाय, मी स्वतः बायकांना त्याची माहिती देते. पण अपील करायचं म्हणजे एक रोज बुडवून जायचं, पुन्हा तारीख मिळाली की दुसरा रोज. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन खाडे झाले की घर हातचं जातं. नगरसेवकाची चिठ्ठी तिला एका खेपेत काम करून देते. तुम्ही म्हणता त्यात उपकार आहे, आहेच, मलाही तो खुपतो. म्हणून आम्ही गटातून काय करतो, एकेकटीने जात नाही, पंधरा-वीस जणींचे अर्ज एकत्र करून एकीला पाठवतो आणि तिचा त्या दिवसाचा रोज गटातून देतो. मग नगरसेवकाकडे गेलो तरी एकटी बाई हात जोडून उभी राहिली असं होत नाही. चिठ्ठी मोडायची असेल तर आधी काउंटर संध्याकाळी उघडा ठेवायला लावा, आणि हे काम तुमच्यासारख्यांनी मागितलं तर लवकर होईल, तुमचं इंग्रजीतलं पत्र ते वाचतात.

शनिवारातला

ताईंनी सांगितलं ते म्हणजे मुखत्यारपत्रच आहे हो, वीस जणींच्या वतीने एक. दीडशे वर्षांनी तीच रीत.

@नऱ्हेकर, तुम्ही विचारलंत ना की ग्रामसभा गेल्यावर कुठे उभं राहायचं. महानगरपालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभा आणलेली आहे. त्या भागातल्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सदस्य, नगरसेवक अध्यक्ष. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. ती घ्यायला लावणं हे पहिलं मागणं ठेवा, दिवा आणि पेव्हर ब्लॉक नंतर. सोसायटीत चहाला बोलवलंत तर ते तुमचे पाहुणे होतात, क्षेत्रसभेत आले तर उत्तर द्यायला आलेले असतात.

खराडीत_भाड्याने

मास्तर, धन्यवाद. फॉर्म ८ काढलाय, फ्लोअरवरच्या आणखी काही जणांनाही पाठवला. आईला अजून सांगितलं नाही, तिकडचं नाव निघतंय म्हटल्यावर तिला वाईट वाटणार.

नऱ्हेकर_बी_विंग

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हा पूर्ण धागा प्रिंट काढून कमिटीत वाचायला देणार आहे. ठरवलंय ते असं: आतलं सगळं जसं चाललंय तसं आपणच, त्यात कुणाचं काही घ्यायचं नाही. टँकरचा गेल्या वर्षाचा खर्च आणि नाल्याचा खर्च बिलांसकट लेखी देणार. फुकट काही न घेण्याचा ठराव पुढच्या वार्षिक सभेत ठेवणार, काका सूचक व्हायला तयार आहेत. क्षेत्रसभेसाठी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या सह्या गोळा करायला कंपोस्टवाला मुलगा तयार झालाय, मतदानाबद्दल त्याचं मत बदललंय का ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र ताईंचं वाचून लक्षात आली, आमच्या नाल्याच्या पलीकडे कामगारांच्या खोल्या आहेत, बैठी घरं आहेत, त्यांना आम्ही आजवर कुठल्याच मीटिंगला बोलावलेलं नाही, आणि पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा त्यांच्याकडेच शिरतं. सह्या त्यांच्याही हव्यात. @पर्वती_पायथा ताई, तुम्ही एकदा येऊन बोलाल का? आमच्यातलं कुणी गेलं तर त्यांना वाटेल सोसायटीवाले तक्रार करायला आलेत.

पर्वती_पायथा

येते की. पण मीटिंग सोसायटीच्या हॉलमध्ये नको, पलीकडेच ठेवा, कुणाच्या तरी अंगणात, देवळात, कुठेही. आणि रविवारी सकाळी ठेवू नका, तेव्हा बायकांना कामावर जास्त काम असतं, घरची मंडळी असतात ना सगळीकडे. संध्याकाळी आठच्या पुढे ठेवा. सह्यांचा कागद मराठीत मोठ्या अक्षरात काढा, आणि शाईचा पॅड आणा, काही जणी अंगठा देतील.